मृतांची घरे : नाईलकाठची आणि भीमाकाठची

जुन्या हैदराबाद संस्थानातल्या माणसाला ममी पाहायला इजिप्तपर्यंत जावे लागत नसे. हैदराबादच्या बागे-आममध्ये, म्हणजे पब्लिक गार्डनमध्ये, राज्य पुरातत्त्व संग्रहालय आहे. तिथे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची एक इजिप्शियन मुलगी काचेच्या पेटीत निजलेली आहे. नैशू हे तिचे नाव, असे तिथे सांगतात. सहाव्या निजामांचे जावई नजीर नवाज जंग यांनी ती हजार पौंडांना विकत घेतली आणि सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९३० मध्ये ती संग्रहालयाला दिली, अशी हकीकत आहे. बीदर आणि गुलबर्गा हे १९५६ पर्यंत त्याच राज्याचे जिल्हे. कोर्टकचेरीसाठी, शिक्षणासाठी किंवा नुमाइश पाहायला हैदराबादला गेलेली आपल्याकडची कितीतरी माणसे तिला पाहून आली.

कापडी पट्ट्या विरू लागल्या, तेव्हा २०१६ मध्ये तिला नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत ठेवण्यात आले. तिच्या माणसांनी जो देह सांभाळण्यासाठी एवढा खटाटोप केला, तो असा परमुलखात येऊन पडला. तिच्यापुढे भाकरीचा तुकडा ठेवणारे आता कोणी नाही. मात्र सहलीला आलेली पोरे पाटीवरचे तिचे नाव मोठ्याने वाचतात. प्राचीन इजिप्तच्या श्रद्धेप्रमाणे ही गोष्ट लहानसहान नव्हे. ती का, हे समजून घेतले म्हणजे आपल्याच मुलखातल्या थडग्यांकडे, समाध्यांकडे आणि घुमटांकडे पाहण्याची नजर थोडी बदलते.

सत्तर दिवसांचा संस्कार

इजिप्त म्हणजे नाईलचे दोन काठ. सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो, म्हणून जिवंतांची वस्ती बहुतेक पूर्वतीरावर आणि मृतांची पश्चिमतीरावर. आपण दक्षिण दिशा यमाची मानतो, तसा त्यांचा पश्चिम हा मृतांचा देश. थडग्याला ते चिरंतन घर म्हणत. मातीविटांची घरे पुरात वाहून गेली तरी त्यांना चाले, पण मेल्यानंतरचे घर दगडाचेच हवे. म्हणूनच इजिप्तच्या राजांचे वाडे आज फारसे उरलेले नाहीत आणि थडगी मात्र उरली. सक्कारा येथील जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड इ. स. पूर्व २६५० च्या सुमाराचा. त्यानंतर शंभरेक वर्षांत गिझा येथे खुफूचा पिरॅमिड उभा राहिला. त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती.

एवढे दगड कशासाठी? माणसात एकाहून अधिक तत्त्वे असतात असे ते मानीत. 'का' म्हणजे जन्मापासून सोबत असलेली प्राणशक्ती. तिला मेल्यानंतरही अन्नपाणी लागते. 'बा' म्हणजे माणसाचे तोंड असलेला पक्षी. तो दिवसा थडग्याबाहेर हिंडून येतो आणि रात्री देहाकडे परततो. परतायला देह ओळखू येईल असा शाबूत हवा. देह कुजला तर बा बेघर झाला.

म्हणून ममीचा संस्कार. तो ७० दिवस चाले. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने त्याचे वर्णन करून ठेवले आहे. ऐपतीप्रमाणे त्याच्या तीन प्रती होत्या, हेही त्याने नोंदवले आहे. आकडीने मेंदू नाकावाटे काढून टाकीत, कारण मेंदूला ते काहीच किंमत देत नसत. यकृत, फुप्फुसे, जठर आणि आतडी कुशीतून काढून चार बरण्यांत ठेवीत आणि प्रत्येक बरणीला एक राखणदार देव नेमून देत. हृदय मात्र जागच्या जागी ठेवीत, कारण विचार, स्मरण आणि विवेक यांचे स्थान तिथे आहे असे ते मानीत. मग नेट्रॉनमध्ये, म्हणजे आपल्या पापडखाराच्या जातीच्या क्षारात, देह पुरून सुकवायचा आणि तेल-राळ चोळून तागाच्या पट्ट्यांनी गुंडाळायचा. इ. स. पूर्व १२१३ मध्ये वारलेल्या दुसऱ्या रामसेसच्या नाकपुडीत मिऱ्याचे दाणे सापडले आहेत. मिरे त्या काळी दक्षिण हिंदुस्थानखेरीज कुठून येणार? इजिप्तच्या सर्वांत नामांकित राजाच्या अंत्यविधीला आपल्याकडचा मसाला होता.

काळजाचे वजन

पण नुसता देह टिकवून भागत नसे. मृताला ओसिरिस देवाच्या दरबारात उभे राहावे लागे. तिथे तराजू मांडलेला. एका पारड्यात मृताचे हृदय, दुसऱ्यात सत्याची देवता मात हिचे पीस. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस वजन पाहतो आणि थोथ देव चित्रगुप्तासारखा टिपून घेतो. समोर ४२ न्यायाधीश बसलेले. मी चोरी केली नाही, मी माप खोटे केले नाही, मी दुसऱ्याचे पाणी अडवले नाही, असे एकेकापुढे सांगत जायचे. हृदय पापाने जड झाले असेल, तर जवळच मगरीच्या तोंडाची अम्मित टपून बसलेली. ती ते गिळून टाकते, आणि मग त्या माणसाला पुढचे जीवन नाही.

गंमत अशी की एवढी न्यायबुद्धी असलेल्या या लोकांनी पळवाटही शोधून ठेवली होती. हृदयावर दगडी भुंगेरा ठेवीत आणि त्यावर, माझ्याच काळजा, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस, अशा आशयाची विनवणी कोरीत. माणूस सगळीकडे सारखाच! तराजूतून सुटला म्हणजे तो बोरूच्या शेतांच्या प्रदेशात जाई. तिथे नाईलसारखेच पाणी आणि पुरुषभर उंच पीक. पण शेती आली की राबणेही आले, म्हणून ते काम करायला मातीच्या किंवा दगडाच्या लहान बाहुल्या सोबत देत. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरने शोधलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात अशा ४१३ बाहुल्या निघाल्या. स्वर्गातही वेठबिगार नको, ही कल्पना वेठ पाहिलेल्या समाजालाच सुचणार.

नाव पुसले की माणूस मेला

देह, का, बा, सावली यांच्या जोडीला पाचवी वस्तू होती नाव. कोणी आपले नाव घेत आहे तोवर आपण आहोत, ही त्यांची पक्की समजूत. थडग्याच्या भिंतीत ते खोटा दरवाजा कोरीत. दगडात कोरलेली ती बंद चौकट. का त्यातून ये-जा करतो आणि पुढ्यात ठेवलेला नैवेद्य घेतो. पण मुलेनातवंडे किती पिढ्या नैवेद्य आणणार? म्हणून भिंतीवर वाटसरूंना विनंती लिहिलेली असे : बाबांनो, जाता जाता माझे नाव घ्या, माझ्यासाठी हजार भाकरी आणि हजार घट मद्य असे नुसते तोंडाने म्हणा, त्याला तुमचे काही खर्च होत नाही. याच समजुतीपोटी शत्रूला मारण्याहून त्याचे नाव खरवडून काढणे ही मोठी शिक्षा ठरली. हत्शेप्सुत राणीचे नाव तिच्यामागून भिंतींवरून छिन्नीने काढले गेले, आणि एकच देव मानणाऱ्या अखेनातेनचेही.

आणि दगडांचे काय झाले? ते घर राखू शकले नाहीत. इ. स. पूर्व ११०० च्या आसपास राजांची थडगी फोडणाऱ्यांवर खटले चालले. त्यांचे कबुलीजबाब पपायरसवर आजही वाचता येतात. पुढे पुजाऱ्यांनीच राजांचे देह गुपचूप उचलून एका डोंगरकपारीत लपवले. १८८१ मध्ये ते उजेडात आले आणि आगबोटीने कैरोला नेण्यात आले. त्या वेळी नाईलच्या काठाकाठाने खेड्यातल्या बाया केस मोकळे सोडून, घरचे कोणी गेल्यासारखा आक्रोश करीत होत्या, असे सांगतात. धर्म बदलला होता, भाषा बदलली होती आणि मधे तीन हजार वर्षे गेली होती. तरी त्या रडल्या.

भीमेच्या खोऱ्यात

आता आपल्या नदीकडे येऊ. भीमेची उपनदी घोड. तिच्या काठी, पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातील मोठी नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील ते शेतकऱ्यांचे गाव. तिथे लेकरू गेले तर त्याला दोन मडक्यांत घालीत, मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. आईच्या पोटातून आले ते मडक्याच्या पोटात गेले आणि घर सोडून गेले नाही. मोठ्या माणसाला पुरताना मात्र बहुधा त्याचे पाय घोट्यावरून तोडलेले असत. मेलेल्याने उठून चालू लागू नये हा त्यातला हेतू असावा, असे संशोधकांना वाटते. नाईलकाठी देहाचे बोटही हरवू नये म्हणून जपणूक चालली होती, आणि त्याच सुमारास भीमेच्या खोऱ्यात पाय तोडले जात होते. दोघांनाही मृत माणूस पुरता गेला असे वाटत नव्हते. एकाला तो परत यायला हवा होता, दुसऱ्याला त्याची भीती होती.

भीमा पुढे आपल्या भागात उतरते. जेवर्गीजवळच्या माळावर दगडांची वर्तुळे आहेत. सुरपूर संस्थानात १८४१ पासून पोलिटिकल एजंट असलेल्या मेडोज टेलरने त्यातली काही खणली. ठगांच्या कादंबरीमुळे हे नाव पुष्कळांना ठाऊक असेल. खाली शिळांच्या पेट्या, काळी-तांबडी मडकी, लोखंडाची हत्यारे आणि माणसांची हाडे निघाली. कवट्या एकीकडे आणि धडे दुसरीकडे पाहून टेलरला नरबळीची शंका आली. आज अभ्यासक त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहतात. देह आधी उघड्यावर ठेवून मग हाडे वेचून पुरण्याची चाल या महापाषाणकालीन लोकांत होती. आताच्या यादगीर जिल्ह्यातील राजनकोळूर येथे तर शिळांची घरेच उभी आहेत. तीन बाजूंना उभ्या शिळा आणि वर छपराची एक. जी घरे चारी बाजूंनी बंद आहेत, त्यांच्या एका शिळेला वाटोळे भोक. हाताएवढ्या त्या भोकातून कोण ये-जा करणार होते? इजिप्तचा खोटा दरवाजा आणि राजनकोळूरचे भोक यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण गरज एकच होती. कानडीत लोक या घरांना 'मोरियर मने', म्हणजे मोरियरांची घरे म्हणतात. ती कोणा बुटक्या माणसांची वस्ती होती अशी समजूत आहे. घरे राहिली, पण राहणाऱ्यांचे एकही नाव उरले नाही. त्यांना लिपी नव्हती.

लिपी आली की काय फरक पडतो, हे त्याच भीमेकाठी चितापूर तालुक्यातील सन्नतीजवळ कनगनहळ्ळीला दिसले. १९९४ पासून झालेल्या उत्खननात तिथल्या स्तूपातून एका राजाचे शिल्प निघाले आणि त्याखाली ब्राह्मीत 'राया असोको' अशी अक्षरे. ती चार-पाच अक्षरे नसती तर ती मूर्ती कोणा अनाम राजाची म्हणून राहिली असती.

जाळणारे, पुरणारे, ऐक्य पावणारे

आपल्यातले बरेच लोक देह जाळतात. पण मृताला देह लागतो ही कल्पना आपण सोडलेली नाही. दहा दिवसांच्या दहा पिंडांनी प्रेताला अवयव-अवयवाने नवा देह मिळतो, असे गरुडपुराणाची परंपरा सांगते. इजिप्तने जुना देह सत्तर दिवसांत टिकवला, आपण जुना अग्नीला देऊन नवा दहा दिवसांत भाताचा घडवला. कावळा शिवेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, तो त्या बा-पक्ष्याचाच मासला म्हणावा लागेल. श्राद्धात बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांची नावे घेतली जातात. त्यापलीकडचा पूर्वज नावानिशी उरत नाही. दिवाळीत धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून यमदीप लावतो आणि नरकचतुर्दशीला यमतर्पण करतो, तेव्हा सणाच्या ऐन आनंदात आपण मृत्यूचेही नाव घेत असतो.

आपल्या जिल्ह्यांत लिंगायत समाज मोठा. तो देह पुरतो, पण इजिप्तच्या नेमक्या उलट विचाराने. देहाला बसवून, हातात इष्टलिंग देऊन, विभूती आणि बेलपत्रांसह समाधी देतात. तो लिंगैक्य झाला. त्याला परत यायचे नाही, त्याला काही लागत नाही. म्हणून शरणांनी श्राद्ध नाकारले आणि सुतकही नाकारले. त्या खड्ड्यात बरण्या नाहीत, बाहुल्या नाहीत, तराजूची भीतीही नाही.

अष्टूरचे घुमट

भीमेचे खोरे सोडून बीदरच्या पठारावर आले की तीनेक किलोमीटरवर अष्टूरचे घुमट दिसतात. बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणणारा अहमदशहा वली हा १४३६ मध्ये वारला. त्याच्या घुमटाच्या आत सोनेरी, शेंदरी आणि फिरोजी रंगांत कुराणातली वचने आणि सूफी पद्ये रंगवली आहेत. अंधारात ती दिसत नाहीत, तेव्हा राखणदार आरशाने ऊन आत पाडून दाखवतात. शेजारी हुमायूनशहाचा घुमट. लोकांनी त्याला जालिम म्हटले आणि तेच नाव चालले. तो १४६१ मध्ये गेला. पुढे वीज पडून त्याचा घुमट उभा चिरला आणि आज त्याची एकच बाजू उरली आहे. ओळीने पुढे गेले की घुमट लहान लहान होत जातात. शेवटचे नामधारी सुलतान तर बिचारे एका खोलीएवढ्या जागेत पडले आहेत. राज्य कसे आटत गेले हे बखर न वाचता कळते.

बीदरच्या पश्चिमेला अली बरीद याचा मकबरा आहे. तो त्याने जिवंतपणीच बांधवून घेतला आणि चारही बाजूंनी उघडा ठेवला. पिरॅमिडमध्ये वारा शिरू नये म्हणून वाटा दगडांनी बुजवल्या गेल्या, आणि इथे वारा आरपार जातो.

पण अष्टूरची खरी गोष्ट दगडांची नाही. होळीच्या सुमारास अहमदशहाच्या दर्ग्यावर उरूस भरतो, तो हिंदू पंचांगाप्रमाणे. कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुक्याच्या माडियाळ गावाहून जंगम आपल्या मंडळींसह पायी येतात, शंख फुंकतात आणि नारळ फोडतात. कारण अहमदशहा हा अल्लमप्रभूंचा अवतार, अशी त्यांची श्रद्धा. दुष्काळात त्याने प्रार्थना केली आणि पाऊस आला, म्हणून तो वली झाला, ही आख्यायिका दोन्ही समाज सांगतात. मुसलमानांसाठी वली, लिंगायतांसाठी अल्लमप्रभू. एका कबरीला दोन नावे, आणि दोन्ही दरवर्षी घेतली जातात. जालिमाच्या घुमटाचा दगड कमी प्रतीचा नव्हता, पण त्याच्याकडे नारळ घेऊन कोणी जात नाही.

तराजूची आठवण व्हावी अशी आणखी एक कबर बीदरच्या दक्षिणेला गोरनळ्ळीजवळ आहे. महमूद गावान हा बहमनी राज्याचा सर्वांत कर्ता वजीर. खोट्या पत्रावर विसंबून तिसऱ्या मुहंमदशहाने ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचा शिरच्छेद करविला. वर्षभरात सुलतानही पश्चात्तापाने खचून मेला. सुलतान राजघराण्याच्या घुमटांत विसावला. वजिराला साधा चौथरा मिळाला. पण १४७२ च्या सुमारास त्याने बांधलेला मदरसा अर्धा पडलेला असूनही शहराच्या मध्यभागी उभा आहे, आणि बीदरमध्ये कोणालाही 'गावान कोण' विचारा, उत्तर मिळते. तिसरा मुहंमदशहा कोण, असे विचारून पाहावे.

अस्थींचा आवाज

भीमाकाठची सर्वांत मोठी मृत्युकथा मात्र कुणा राजाची नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना १३३८ मध्ये भिंत कोसळली आणि वेठीला लावलेले मजूर तिच्याखाली गाडले गेले. त्यात चोखोबा होते. परंपरा सांगते, की नामदेव तिथे गेले तेव्हा हाडांच्या ढिगात कुणाचे हाड कोणते हे ओळखेना. मग ते एकेक हाड कानाशी धरीत गेले. ज्यातून विठ्ठल, विठ्ठल असा आवाज आला ती हाडे चोखोबांची. ती पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी दिली. जिवंतपणी ज्यांना देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्यांच्या समाधीपुढून आता प्रत्येक वारकरी नमस्कार करून आत जातो.

इजिप्तने सारे सामर्थ्य वेचून राजाचे नाव राखू पाहिले आणि ते राबणाऱ्यांच्या पाठीवर राखले. गिझाच्या पायथ्याशी त्या राबणाऱ्यांचीही थडगी आता, १९९० पासून, सापडू लागली आहेत. इथे भिंतीखाली मेलेल्या मजुराचे नाव राहिले, कारण एका मित्राने ते ओळखले आणि लोकांनी ते तोंडी ठेवले. त्याच भिंतीखाली मेलेल्या इतरांची नावे मात्र कोणी ऐकली नाहीत, हेही विसरू नये.

नावाची जोखीम आजही संपलेली नाही. आपल्या सीमेवरच्या गावोगावी, मारुतीच्या देवळामागे किंवा वेशीपाशी, वीरगळ पडलेले आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तो वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ते आहेत तोवर याचे नाव राहो, हा त्याचा अर्थ. गुरे राखताना मेलेला कोणी, गाव वाचवताना पडलेला कोणी. पुष्कळ दगडांवर अक्षरे नाहीत, आणि काहींवर आहेत ती जुन्या कानडीत किंवा देवनागरीत झिजत चालली आहेत. कुठे त्यावर धुणे आपटतात, कुठे तो पायरीला लागला आहे. एखाद्या शाळेच्या मुलांनी गावातले वीरगळ मोजले, पुसले, त्यांची अक्षरे उतरून घेतली आणि म्हाताऱ्यांना विचारून जे आठवते ते वहीत लिहून ठेवले, तर त्याला काही खर्च होत नाही. नाईलकाठच्या त्या मृतांनी वाटसरूंकडे तरी दुसरे काय मागितले होते?